होनाजीच्या टोळीतली माणसं

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी बेल्ह्यात मोडी वाचून देण्याचं काम सुरू केलं. जुन्नर, आंबेगाव, पारनेर, अकोले अशा भागांतून लोक कागद घेऊन येतात. सोमवारी जास्त येतात. त्या दिवशी इथला बाजार असतो आणि बैल घ्यायला-विकायला निघालेला माणूस पिशवीत कागदही टाकून आणतो. बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते, खापरपणजोबाच्या नावापुढची जात. मुलीची ॲडमिशन अडलेली असते, व्हॅलिडिटीची तारीख तोंडावर आलेली असते आणि तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून काढलेली कोतवाल बुकाची नक्कल मोडीत असते. मी ओळ लावतो, देवनागरीत उतरवून देतो, खाली सही करतो. काम तेवढ्यावर संपतं.

पण काही कागदांपाशी ते संपत नाही. आंबेगावच्या पश्चिमेकडून, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाने, एक म्हातारे बाबा आले होते. त्यांची लेक इकडे आळ्याच्या बाजूला दिलेली. तिच्याकडे कांदाकाढणीसाठी घरातली चार माणसं आली होती, त्यांच्यासोबत तेही आले. जातीचा दाखला त्यांच्याकडे होता, तो प्रश्न नव्हता. पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एकच कागद काढला आणि म्हणाले, "गुरुजी, आमच्या आज्याचा चुलता होनाजीबरोबर व्हता. त्याला काळ्या पाण्याला नेला, त्यो आलाच न्हाई. ह्या कागदात त्याचं काय लिव्हलंय का, एवढं सांगा."

तो कागद म्हणजे कर्जरोखा होता. त्याच्याकडे मी पुढे वळेन. आधी होनाजीविषयी सांगायला हवं, कारण आमच्याच जिल्ह्यातल्या पुष्कळांना तो नाव ऐकण्यापलीकडे माहीत नाही.

होनाजी भागोजी केंगले हा जांभोरीचा महादेव कोळी. १८७३ च्या सुमारास त्याने टोळी बांधली आणि सावकारांच्या घरांवर धाडी घालायला सुरुवात केली. पश्चिम पुणे, नगर, नाशिक आणि घाटाखालचा ठाणे जिल्हा एवढा त्याचा वावर होता. सावकार गाठायचा, त्याची खतं-रोखे बाहेर काढायचे, आणि काही ठिकाणी सावकाराचं नाकच कापायचं. हे क्रूर होतं, यात दुमत नाही. पण इंग्रजांच्या गॅझेटिअरनेही ते का घडलं हे लपवलेलं नाही. डोंगरातल्या माणसाला सावकार फसवतो, छळतो आणि त्याची सोसण्याची ताकद संपेपर्यंत त्याला ताणतो, असं तिथे सरळ नमूद आहे. १८७५ मध्ये सरकारने होनाजीवर १,००० रुपयांचं इनाम लावलं, त्याच्या साथीदारांवर २०० ते ६०० रुपये. १७५ हत्यारबंद पोलिसांची खास तुकडी डोंगरात घातली. तरीही तो पुढचं वर्षभर हाती लागला नाही. जुलै १८७६ मध्ये, भर पावसाळ्यात, पोलीस सुपरिंटेंडेंट मेजर डॅनिएलने त्याला पकडलं. शिक्षा झाली जन्मठेपेची.

इनामाच्या या रकमा बघताना मी नेहमी थांबतो. होनाजी इतिहासात नावानिशी आला. पण २०० ते ६०० रुपये ज्यांच्या डोक्यावर लागले, ती माणसं कोण? त्यांची गावं कोणती, घरी कोण होतं, ती कुठे गेली? बाबांच्या आज्याचा चुलता त्यांतलाच एक असणार. या माणसांचा माग काढायचा, या इराद्याने मी तेव्हापासून कामाला लागलो आणि अजून लागलेलाच आहे.

माग काढायचा तर आधी कायदा समजून घ्यावा लागतो. आज जन्मठेप म्हटलं की येरवडा, नाशिकरोड असे तुरुंग डोळ्यांपुढे येतात. १८६० च्या दंडसंहितेत मात्र जन्मठेप याचा अर्थच होता देशाबाहेर, समुद्रापार रवानगी. ही तरतूद कायद्यातून निघाली ती १९५५ च्या दुरुस्तीने, म्हणजे स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी. दरोड्यालाही ही शिक्षा देता येत असे, दरोडेखोरांच्या टोळीत असण्यालाही. त्यामुळे टोळीतला पोरगेला, भाकरी पोचवणारा, टेहळणी करणारा, असा कुणीही काळ्या पाण्याच्या यादीत जाऊ शकत होता.

दुसरी गोष्ट काळाची. आमच्याकडे कुणाचाही पूर्वज बाहेर नेला गेला असेल तर घरात शब्द एकच, अंदमान. पण अंदमानची वसाहत सुरू झाली मार्च १८५८ मध्ये, डॉ. वॉकर पहिल्या २०० कैद्यांना घेऊन तिथे उतरला तेव्हा. त्याच्या आधीचा माणूस अंदमानात शोधून सापडणार नाही. आमचे डोंगर तर त्याच्या कितीतरी आधीपासून धुमसत होते. १८३९ मध्ये घोडेगावच्या कचेरीवर आणि खजिन्यावर कोळ्यांनी हल्ला केला, त्यात रामचंद्र गणेश गोरे या ब्राह्मणाला आणि एका कोळ्याला फाशी झाली. कोळ्यांच्या बंडाचे पुढारी राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढवलं. त्या काळात मुंबई इलाख्यातून समुद्रापार पाठवलेला कैदी शोधायचा झाला तर पिनांग, मलाक्का, सिंगापूर आणि त्याच्याही आधी मॉरिशस इथे बघावं लागतं.

मॉरिशसला १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबईहून मिळून सुमारे दीड हजार कैदी नेले गेले. त्यांनी तिथले रस्ते बांधले. १८३६ मध्ये बीगल जहाजावरचा चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला, तेव्हा रस्त्यावर राबणारे हे हिंदी कैदी त्याने पाहिले, आणि त्यांच्या पांढऱ्या दाढ्यांचा व रुबाबदार चेहऱ्यांचा त्याच्यावर इतका ठसा उमटला की त्याने ते लिहून ठेवलं. सिंगापुरात कैद्यांनी सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल उभारलं, गव्हर्नरचा वाडा बांधला. चांगल्या वागणुकीच्या कैद्याला वरचा वर्ग मिळे, शेवटी मोकळ्या वावराचा परवाना मिळे, आणि पुष्कळजण तिथेच गाडी हाकून किंवा दुधाचा धंदा करून राहिले. १८७३ मध्ये सिंगापूरचा हा कैद्यांचा तुरुंग बंद झाला. ही माहिती आमच्या कामाची अशासाठी, की शिक्षेचं साल हाती आलं की कुठे बघायचं आणि कुठे बघायचं नाही, हे निम्मं तिथेच ठरतं.

या कामात मला मोठी दिशा मिळाली ती आयर्लंडच्या कैद्यांवरून. माझी एक भाची नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात पर्थजवळ असते. तिथला फ्रीमँटलचा जुना तुरुंग कैद्यांनीच बांधलेला आहे, आज तो जागतिक वारसा आहे. तो बघून आल्यावर तिने मला तिथल्या नोंदींची छायाचित्रं पाठवली आणि ती बघून मी थक्क झालो. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियाला नेले. त्यांतले थेट आयर्लंडहून गेलेले सुमारे ४०,०००. जहाजाच्या यादीत प्रत्येक कैद्याची एक ओळ असते: नाव, वय, धर्म, लिहिता-वाचता येतं का, मूळ ठिकाण, धंदा, गुन्हा, शिक्षा, उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, गोंदण. भाकरीसाठी मेंढी चोरलेल्या माणसाच्या दंडावर कुणाची आद्याक्षरं गोंदली होती, हे आज त्याच्या पणतवंडांना घरबसल्या कळतं. १९२२ मध्ये डब्लिनचं मोठं अभिलेखागार जळून खाक झालं, पण १८३६ पासूनची काळ्या पाण्याची रजिस्टरं दुसऱ्या इमारतीत होती म्हणून वाचली. त्यांत कैद्यांच्या बायकांनी, आयांनी दयेसाठी केलेले अर्जही आहेत. १९८८ मध्ये आयर्लंडच्या सरकारने या साऱ्याच्या प्रती आणि त्यांची सूची ऑस्ट्रेलियाला भेट म्हणून दिली.

त्यांतलं एक नाव माझ्या डोक्यात बसलं आहे, जॉन बॉइल ओरायली. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फेनियन गटातला हा तरुण. ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारं शेवटचं जहाज ह्युगोमाँट जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटलला लागलं. त्यावरच्या २८० कैद्यांत ६२ फेनियन होते, ओरायली त्यांतला एक. साधारण वर्षभराने तो देवमासे मारणाऱ्या अमेरिकन जहाजावरून निसटला, बोस्टनला पोचला, तिथे वृत्तपत्राचा संपादक झाला, आणि मागे राहिलेल्या सोबत्यांना सोडवण्याच्या कटात सामील झाला. एप्रिल १८७६ मध्ये कॅटाल्पा नावाच्या जहाजाने त्यांतल्या सहा जणांना फ्रीमँटलहून पळवून नेलं. त्यानंतर तीन महिन्यांनी आमच्याकडे होनाजी पकडला गेला.

ओरायली लिहिणारा होता, म्हणून त्याचा माग काढणं सोपं. पण त्याच जहाजावरच्या दोनशेहून अधिक साध्या गुन्हेगारांनाही यादीत आपापली ओळ आहे, हे मला जास्त मोलाचं वाटतं. आमच्याकडे लिहिणाऱ्याचा माग कसा लागतो आणि न लिहिणाऱ्याचा का लागत नाही, हे बघायला मला फार लांब जावं लागलं नाही. बेल्ह्याहून जेजुरीकडे जाणारा रस्ता धरून पाबळच्या बाजूला गेलं की शिरूर तालुक्यातलं धामारी जवळच येतं. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी पहिली धाड घातली ती या धामारीवर.

फडक्यांचा माग मी मुद्दाम सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढून पाहिला. या कामाचा सराव म्हणूनच म्हणा. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोणला जन्म. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही, ती गेली, तो सल कायमचा राहिला. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी दख्खन फिरून पाहिला. मग रामोशी, कोळी, धनगर अशा लोकांना गोळा करून बंड. मे १८७९ मध्ये त्यांचा उजवा हात दौलतराव नाईक गोळीबारात पडला आणि सगळं विसकटलं. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावदगी गावात, तापाने फणफणलेले आणि झोपलेले असताना ते पकडले गेले. पकडणारा अधिकारी तोच, मेजर डॅनिएल. आमचा होनाजी आणि फडके हे दोघेही एकाच माणसाच्या हाती लागले.

पुण्यात खटला चालला. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका आणि महादेव चिमणाजी आपटे यांनी वकीलपत्र घेतलं, त्या काळात ही धाडसाची गोष्ट होती. संगम पुलाजवळ फडक्यांना ज्या कोठडीत ठेवलं होतं, ती जागा आज सीआयडीच्या कार्यालयाच्या आवारात आहे आणि तिथे त्यांचं स्मारक आहे. शिक्षा जन्मठेप. तिथून ठाण्याचा तुरुंग, आणि जानेवारी १८८० मध्ये तेहरान नावाच्या आगबोटीने एडन. एडन का, तर तो बंदर-प्रदेश तेव्हा मुंबई सरकारच्याच ताब्यात होता. ऑक्टोबर १८८० मध्ये त्यांनी कोठडीचं दार बिजागरांसकट उखडलं आणि तुरुंगाची भिंत ओलांडली. पण एडनचा तो रखरखीत मुलूख, ना झाड ना ओळखीची भाषा. काही तासांतच पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच मृत्यू. वय ३७.

हे सगळं मला सांगता येतं, कारण फडक्यांनी स्वतः लिहिलं. श्रीशैल मल्लिकार्जुनच्या मुक्कामात त्यांनी आत्मवृत्त लिहिलं, रोजनिशी ठेवली. पकडले गेले तेव्हा हे कागद पोलिसांच्या हाती पडले, त्यांचं इंग्रजी भाषांतर झालं, आणि १९५७ मध्ये मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथात ते छापलं. ज्यांनी फाशी द्यायची की काळं पाणी हे ठरवायला ते कागद जपले, त्यांच्यामुळेच ते आपल्यापर्यंत आले. विष्णु श्रीधर जोशी यांनी त्यांचं तपशीलवार चरित्र लिहिलं.

आता त्याच लेखनात त्यांचे सोबती शोधा. रामोश्यांवर फडके नाराज झालेले दिसतात. लुटीच्या पैशावर त्यांची नजर आहे, देशाचं त्यांना पडलेलं नाही, असा त्यांचा सूर आहे. फडक्यांची तळमळ खरी होती आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर जराही कमी नाही. पण दुष्काळात घरी चूल विझलेली असताना रात्री धाडीला निघालेल्या रामोश्याने वाट्याचे पैसे मागितले, तर त्यात मला तरी काही वावगं वाटत नाही. त्या रामोश्याचं म्हणणं लिहून घ्यायला तिथे कुणी नव्हतं. तो आपल्याला दिसतो तो नाराज पुढाऱ्याच्या नजरेतून किंवा पोलिसांच्या इनामाच्या जाहिरातीतून.

आणि तिसरी एक नजर आहे. ती मला बाबांच्या त्या कागदाने दाखवली.

कागद हाताने बनवलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या, घडीवर फाटत आलेला. वर स्टँपाचा शिक्का, त्यात राणीचा चेहरा अर्धा पुसट. खाली कुणा सराईत कारकुनाचं वळणदार, पळतं मोडी. शके १७९४, म्हणजे इसवी १८७२. मजकूर ठरीव साच्याचा: लिहून घेणार अमुक, वाणी, आणि लिहून देणार तमुक वलद तमुक, जात कोळी, धंदा शेती, वस्ती मौजे अमुक, तालुके खेड. आंबेगाव तेव्हा खेड तालुक्याचा पेटा होता, हे ध्यानात नसेल तर नोंदी शोधणारा माणूस चुकीच्या तालुक्यात फिरत राहतो. पुढे रक्कम तीस रुपये, व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये, आणि वसुलीसाठी लावून दिलेलं भाताचं आणि नाचणीचं पीक. शेवटी साक्षीदारांच्या सह्या. कर्ज घेणाऱ्याची सही नव्हतीच. तिथे शाईच्या चार बोजड रेघा होत्या, आणि शेजारी कारकुनाने लिहिलं होतं की ही त्याच्या हातची निशाणी.

बाबांनी ते नाव ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. नाव तेच होतं, बापाचं नावही तेच. एवढी वर्षं घरात सांगत आलेला माणूस पहिल्यांदाच कागदावर उतरला होता. त्यांनी त्या चार रेघांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

त्या दिवशी मला जे कळलं ते माझ्या या सगळ्या कामाचं सार आहे. ज्या रोख्याने या माणसाला डोंगरात पळायला लावलं, त्याच रोख्याने त्याचं नाव, बाप, गाव, शेत आणि हातची खूण जपून ठेवली. पोलिसांनी त्याला टोळीतला एक म्हणून मोजला. इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याला होनाजीचा साथीदार म्हटलं. त्याला पूर्ण नावाने लिहून ठेवणारा माणूस एकच होता, सावकाराचा कारकून. होनाजीच्या माणसांनी सावकारांच्या घरातली खतं पेटवली ती याच कागदांसाठी. १८७५ मध्ये सुप्याला आणि भीमथडी-शिरूर पट्ट्यात कुणब्यांनी दंगा केला तोही याच कागदांसाठी, आणि त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, ज्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणं किती होतं हे बघण्याचा अधिकार दिला. जळालेले कागद जळाले ते बरंच झालं, असं तेव्हाच्या कर्जदाराच्या बाजूने मी म्हणेन. पण जे उरलेत, ते आज त्याच कर्जदाराचा सर्वांत जुना पुरावा आहेत.

बाबांनी घरात चालत आलेली आणखी एक गोष्ट सांगितली. त्या माणसाच्या बायकोने, म्हणजे त्यांच्या आज्याच्या चुलतीने, मरेपर्यंत कुंकू लावलं. तो मेल्याचा निरोप आला नाही, म्हणून दहावा नाही, तेरावा नाही, आणि कुंकू पुसायला कुणी सांगायला गेलं तर ती भांडायला उठायची. अंदमानात जन्मठेपेच्या कैद्याला चांगल्या वागणुकीवर वीस-पंचवीस वर्षांनी सुटका मिळू शकत असे, तर दहा-एक वर्षांनंतर स्वतःच्या कष्टावर शेती करून राहण्याचं तिकीट. काहीजण तिथेच कैदी बायकांशी लग्न लावून राहिले. त्यांच्या वंशजांना आज अंदमानात लोकल बॉर्न म्हणतात, ते हिंदुस्तानी बोलतात आणि जातीचा पाश त्यांनी केव्हाच सोडला. म्हणजे त्या बाईचं वाट बघणं वेडेपणाचं नव्हतं. कायद्याच्या हिशेबाने तिचा नवरा परत येऊ शकत होता.

अंदमानात कैद्याच्या गळ्यात बिल्ला असे. त्यावर त्याचा क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. सावरकरांनी आपल्या बिल्ल्याविषयी लिहिलंय, त्यामुळे त्यांचा ३२७७८ हा क्रमांक मराठी माणसाला पाठ आहे. त्यावर सुटकेचं साल १९६० होतं. असा एकेक बिल्ला हजारो गळ्यांत होता. १९४२ ते १९४५ या जपानी ताब्याच्या काळात तिथली पुष्कळ दप्तरं नष्ट झाली. म्हणून मग आपल्या बाजूचं टोक घट्ट धरावं लागतं: इथलं गाव, इथला खटला, इथला तुरुंग. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात न्याय खात्याचे वर्षावर्षांचे खंड आहेत, पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. तिथे बसायचं तर कोळ्याचं नाव इंग्रज कारकुनाने कसं ऐकलं असेल याचा अंदाज बांधत बसावं लागतं. केंगलेचं केंगलिया होतं, होनाजीचं होनिया होतं. नावावरून माणूस निसटतो, पण गाव आणि बापाचं नाव जोडीला असेल तर तो पकडता येतो. आणि ही जोडी कुठे मिळते? बाबांच्या रोख्यासारख्या कागदात. म्हणून माझ्या लेखी घरच्या ट्रंकेतला कागद हा अभिलेखागारातल्या खंडाइतकाच मोठा आहे, किंबहुना आधी तो हवा, मग खंड.

मी बाबांना त्या रोख्याचं देवनागरी लिप्यंतर करून दिलं. खाली एक टीप लिहिली: शके १७९४ मध्ये हा इसम आपल्या गावी जमीन कसत होता, आणि पुढच्याच वर्षी या भागात होनाजी केंगले याचं बंड सुरू झालं. त्या माणसाविषयी जे कागदात आहे तेवढंच, त्यापलीकडे एक शब्द नाही. त्यांनी विचारलं, याचे किती द्यायचे. घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी जाताना मूळ कागद माझ्याकडे ठेवायचा आग्रह धरला, तोही मी मानला नाही. तो त्यांच्या घरात राहायला हवा. मी फक्त त्याची छायाचित्रं काढून ठेवली.

डिंभे धरणाखाली जुनं आंबेगाव आणि आजूबाजूची कितीतरी घरं गेली. स्थलांतराच्या घाईत माणसांनी भांडी-कुंडी उचलली, देव उचलले, पेट्या तशाच राहिल्या. ज्या पेट्या उचलल्या गेल्या, त्या नव्या घरांत माळ्यावर आहेत. पुढची पिढी घर बांधताना त्या मोडीत काढते आणि आतले कागद बंबात घालते, कारण कुणाला ते वाचता येत नाहीत. वेळ फार थोडा उरलेला आहे, आणि हे मला शांतपणे सांगता येत नाही.

म्हणून जुन्नर, आंबेगाव, खेड, अकोले, संगमनेर भागातल्या वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. माळ्यावरची पेटी उतरवा. मोडी कागद दिसला की तो सरळ करायला पाणी लावू नका, इस्त्री फिरवू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, त्याने कागद आत कायमचा मरतो. दिवसाच्या उजेडात मोबाईलवर त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागची बाजू कोरी दिसली तरी काढा, कारण वसुलीचे शेरे बहुधा तिथेच असतात. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा की आपल्यापैकी कुणी परागंदा झालं होतं का, कुणाचं दहावं झालंच नाही का, कुणी अंदमान, मॉरिशस, एडन, काळं पाणी असा शब्द कधी काढला का. जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून त्या कागदासोबत ठेवा. मग कागद जवळच्या मोडी जाणकाराकडे न्या, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात न्या, नाहीतर बेल्ह्याला माझ्याकडे आणा. वाचून द्यायला पैसे लागणार नाहीत.